डीपी रखडला की घरांचे काय होते? शहर विकास आराखड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीपुरती आहे. कायदा एकच, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. कचेरीत त्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, इथेही तेच म्हटले आहे. जमिनीचा वाद कोर्टात असेल किंवा नोटीस द्यायची असेल, तर वकिलाला पर्याय नाही. पण वकिलाकडे जाताना काय विचारायचे, ते इथून कळेल.

विकास आराखडा म्हणजे नेमके काय?

शहराच्या हद्दीतल्या प्रत्येक सर्व्हे नंबरवर पुढची वीस वर्षे काय होऊ द्यायचे, हे सांगणारा नकाशा, त्याचा अहवाल आणि सोबतची नियमावली, हे सगळे मिळून विकास आराखडा, म्हणजेच डेव्हलपमेंट प्लॅन किंवा डीपी. कुठे राहायचे, कुठे कारखाने, कुठे शेती, कोणता रस्ता किती मीटरचा, शाळा, दवाखाना, बाग, स्मशान कुठे, हे त्यात ठरते. निवासी भाग पिवळ्या रंगात दाखवतात, म्हणून सगळे त्याला यलो झोन म्हणतात. शेतीचा भाग तो ग्रीन झोन.

हा नुसता सल्ला नसतो. मंजूर झाल्यावर तो कायदाच असतो आणि बांधकाम परवानगी त्याच्याविरुद्ध देता येत नाही. नियमावलीचा भाग मात्र आता बहुतेक ठिकाणी सारखा आहे. डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू झाली. मुंबई महापालिका, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचा भाग), गिरिस्थान नगरपालिका, लोणावळा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केलेले भाग तिच्यातून वगळले आहेत.

तो किती वर्षांनी सुधारायचा असतो?

एमआरटीपीच्या कलम ३८ प्रमाणे वीस वर्षांतून किमान एकदा. पूर्वी ही मुदत दहा वर्षांची होती, नंतर कायद्यात बदल करून ती दुप्पट केली.

यात एक बारीक मेख आहे. आराखडा तुकड्यातुकड्याने मंजूर झाला असेल, तर वीस वर्षे शेवटचा तुकडा लागू झाल्यापासून मोजतात. म्हणजे मुख्य आराखडा मंजूर झाला आणि वगळलेला भाग चार वर्षांनी मार्गी लागला, तर सुधारणेची तारीखही चार वर्षे पुढे सरकते. वीस ही कमाल मुदत आहे, त्याआधी सुधारायला कायद्याची आडकाठी नाही. शासन कधीही तसे आदेश देऊ शकते.

प्रत्यक्षात किती वेळ लागतो?

पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा जानेवारी १९८७ मध्ये मंजूर झाला होता. त्यानंतरचा मंजूर झाला जानेवारी २०१७ मध्ये. मधली तीस वर्षे आठवून पाहा: हिंजवडीत आयटी आली, सिंहगड रस्ता इमारतींनी भरला, दुचाकींच्या शहरात चारचाकींच्या रांगा लागल्या. एवढे सगळे होईपर्यंत नकाशा १९८७ चाच. मंजूर झालेला आराखडा २००७ ते २०२७ साठीचा होता, म्हणजे हातात आला तेव्हा निम्मी मुदत संपून गेली होती.

मुंबईची कथा वेगळी नाही. दुसरा आराखडा १९८१ ते २००१ या काळासाठी होता, तो टप्प्याटप्प्याने मंजूर होत १९९० च्या दशकात लागू झाला. तिसरा २०१४ ते २०३४ साठी. त्याचा पहिला मसुदा २०१५ मध्ये लोकांसमोर आला आणि चुकांवरून इतका गदारोळ झाला की शासनाने तो परत पाठवून नव्याने करायला लावला. मंजुरी मिळाली २०१८ मध्ये.

ही दोन शहरे निदान आराखडा असलेली तरी आहेत. नीती आयोगाने २०२१ मध्ये शहर नियोजनावर अहवाल दिला, त्यात देशातल्या ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी सुमारे ६५ टक्क्यांकडे आराखडाच नाही असे नोंदवले आहे.

एवढा उशीर का होतो? कायद्यात मुदती नाहीत का?

मुदती आहेत, आणि भरपूर आहेत. आराखडा करण्याचा किंवा सुधारण्याचा इरादा जाहीर करायचा, सहा महिन्यांत सध्याच्या जमीन वापराचा नकाशा करायचा, दोन वर्षांत मसुदा प्रसिद्ध करायचा, मग हरकती, सुनावणी, शासनाकडे पाठवणे, शासनाची मंजुरी. प्रत्येक टप्प्याला मुदतवाढीची सोय आहे आणि ती मागितली जातेच. महापालिकेने मुदत पाळली नाही तर काम शासनाच्या नगररचना अधिकाऱ्याकडे जाते. पुण्याचा आराखडा मार्च २०१५ मध्ये असाच शासनाने आपल्याकडे घेतला होता.

खरे कारण माझ्या मते मुदतीत नाही. वीस वर्षांचा साठलेला हिशेब एकाच कागदावर चुकता करायचा ठरवले, की प्रत्येकाचे काहीतरी त्यात अडकते. ज्याच्या शेतावर शाळेचे आरक्षण पडले, म्हणजे ती जागा शाळेसाठी राखली गेली, तो येतो, ज्याच्या शेजाऱ्याचे उठले तोही येतो. पुण्याच्या २०१३ च्या मसुद्यावर ऐंशी हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. इतक्या लोकांना ऐकायचे म्हणजे काय, याचा अंदाज सुनावणीच्या दालनाबाहेर रांगेत उभे राहिल्यावर येतो. दर पाच वर्षांनी थोडे थोडे सुधारत गेले तर हरकतीही थोड्या येतील. पण तशी सवय आपल्या यंत्रणेला नाही आणि नगररचना विभागात तेवढी माणसेही नाहीत.

आराखडा जुना राहिला म्हणून नवी घरे थांबतात का?

थांबत नाहीत. हाच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. माणसे शहरात येतच राहतात, त्यांना छप्पर लागते, आणि ते कोणीतरी पुरवतोच. आराखड्याने जागा दाखवली नाही तर घरे आराखड्याबाहेर होतात. ग्रीन झोनमधली एक एकर जमीन कोणीतरी घेतो, चुन्याने आखून दीड-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडतो, मध्ये पंधरा फुटांची वाट सोडतो आणि साध्या कागदावर विकून मोकळा होतो. शेजारचा गटही तेच करतो, फक्त त्याची वाट याच्या वाटेला जुळत नाही. दहा वर्षांनी तिथे तीन मजली घरे, बोअरवेल आणि शोषखड्डे असतात. टँकर येतो, पण अग्निशमनाची गाडी वळत नाही.

मग अशा वस्त्या नियमित करायला कायदे करावे लागतात. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. त्याची मर्यादा आधी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधणीला होती, २०२१ मध्ये ती वाढवून ३१ डिसेंबर २०२० केली. वीस वर्षांत किती वस्त्या तशाच उभ्या राहिल्या असतील, हे या तारखेच्या उडीतच दिसते. शिक्का मारून घर नियमित होते, पण पंधरा फुटांची वाट काही बारा मीटरची होत नाही.

कायदेशीर बांधकामावरही परिणाम होतो, तो रस्त्यांमुळे. यूडीसीपीआरमध्ये किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. पुणे, नागपूर, नाशिकसारख्या मोठ्या महापालिकांत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१० एफएसआयवरच, म्हणजे प्लॉटच्या १.१० पट बांधकामावरच थांबावे लागते. १५ ते २४ मीटरच्या रस्त्यावर प्रीमियम (पैसे भरून घेतलेला जादा एफएसआय) आणि टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा बांधकाम हक्क, पुढे येईल) धरून २.५० पर्यंत जाता येते, ३० मीटर किंवा त्याहून मोठ्या रस्त्यावर ३.०० पर्यंत. आता ४० गुंठ्यांचा, म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटरचा प्लॉट घ्या. समोर सहा मीटरचा गल्लीवजा रस्ता असेल तर ४,४०० चौरस मीटर बांधकाम होते. ६० चौरस मीटरचे घर धरले तर ७३ घरे. त्याच प्लॉटसमोर १८ मीटरचा डीपी रस्ता असेल तर १०,००० चौरस मीटर, म्हणजे १६६ घरे. हा हिशेब ढोबळ आहे, वरचे जिन्या-बाल्कनीचे अनुषंगिक क्षेत्र सोडून. पण नकाशावर एक रेघ वेळेवर न ओढल्याने नव्वद घरे गेली, एवढे त्यावरून कळते.

मग सगळी शेतजमीन यलो झोन करून टाकली की प्रश्न सुटेल ना?

नाही. उलट हा उपाय सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा आहे. पिवळा रंग दिला की दुसऱ्या दिवशी जमिनीचा भाव वाढतो, घर मात्र दुसऱ्या दिवशी होत नाही. पाणी कुठून येणार? शहरी पाणीपुरवठ्याचे मानक माणशी रोज १३५ लिटर आहे. एक लाख लोकांची वाढ धरून झोन पिवळा केला, तर रोज १ कोटी ३५ लाख लिटर पाणी लागेल आणि त्यातले बहुतेक सांडपाणी होऊन परत येईल. त्यासाठी धरणातला कोटा, जलशुद्धीकरण केंद्र, टाक्या, मैलाशुद्धीकरण केंद्र लागते. आराखड्याच्या अहवालात हा ताळेबंद असायला हवा. नसेल तर हरकत घ्यायला तेच पहिले कारण.

मला विचाराल तर थोडी जमीन पिवळी करा, पण तिथले रस्ते आधी ताब्यात घ्या. शंभर हेक्टर पिवळे करून एकही रस्ता ताब्यात न घेण्यापेक्षा वीस हेक्टर रस्त्यासकट केलेले केव्हाही बरे.

रस्ते ताब्यात घ्यायला पालिकेकडे पैसा नसतो. त्यावर काही मार्ग?

दोन आहेत. एक टीडीआर, दुसरा नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम.

टीडीआरमध्ये मालक आरक्षणाखालची किंवा रस्त्याखालची जागा निर्वेध ताब्यात देतो आणि पैशांऐवजी बांधकामाचा हक्क घेतो. २०१६ च्या धोरणापासून दाट वस्तीबाहेर दिलेल्या क्षेत्राच्या दुप्पट आणि दाट वस्तीत तिप्पट टीडीआर मिळतो. तुमच्या प्लॉटमधून १८ मीटरचा रस्ता ६० मीटर लांब जात असेल, तर १,०८० चौरस मीटर गेले आणि २,१६० चौरस मीटरचा टीडीआर आला. तो विकता येतो. जिथे वापरायचा तिथला रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला जमिनीचा दर जास्त असेल तर त्या प्रमाणात वापरायचे क्षेत्र कमी होते, हे विकत घेणाऱ्याला माहीत असते, विकणाऱ्याला बहुधा नसते. बाजार पडलेला असेल तर टीडीआरचा भावही पडतो. म्हणून काही मालक रोख मोबदल्यावर अडून बसतात आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही.

टीपी स्कीममध्ये आजूबाजूच्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करतात, त्यातून रस्ते, बागा, शाळांच्या जागा काढतात आणि उरलेली जमीन चांगल्या आकाराचे प्लॉट करून मूळ मालकांना परत देतात. क्षेत्र कमी होते, पण प्रत्येकाला रस्त्यावरचा प्लॉट मिळतो. कोणाची जमीन पूर्ण गेली आणि कोणाची अजिबात नाही, असे होत नाही. ही कल्पना नवी नाही. मुंबई प्रांताचा नगररचना कायदा १९१५ चा आहे आणि पुण्याचा शिवाजीनगर भाग भांबुर्ड्याच्या टीपी स्कीममधूनच आखला गेला. पुढे महाराष्ट्राने ही वाट जवळजवळ सोडली, गुजरातने धरून ठेवली. अहमदाबादचे रिंग रोडभोवतीचे भाग बघितले की फरक कळतो. अलीकडे नैना आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांनी आपल्याकडे ती पुन्हा हाती घेतली आहे.

माझ्या जमिनीवर आरक्षण आहे आणि वर्षानुवर्षे काहीच झालेले नाही. ते आपोआप उठते का?

आपोआप नाही. कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकाने मालकीच्या कागदपत्रांसह प्राधिकरणाला नोटीस द्यायची असते. नोटीस पोहोचल्यापासून २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठीची कायदेशीर पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झाले, म्हणजे उठले असे मानतात आणि शासन तसे राजपत्रात जाहीर करते. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा, २०१५ पासून चोवीस. महासभेने नुसता ठराव केला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवले म्हणजे पाऊल उचलले असे होत नाही. गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे.

सुधारित आराखड्याचा इथे थेट संबंध येतो. तुम्ही नोटीस दिली नाही आणि दरम्यान आराखडा सुधारून तेच आरक्षण पुन्हा आले, तर दहा वर्षांची मोजणी नव्याने सुरू होते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल आहे. तेव्हा सुधारणेचा इरादा जाहीर झाल्याची बातमी वाचली की फाइल घेऊन वकिलाकडे जा, मसुदा येईपर्यंत थांबू नका.

हे मालकाच्या बाजूने झाले. वस्तीच्या बाजूने बघाल तर प्रत्येक उठलेले आरक्षण म्हणजे एक न झालेली शाळा किंवा मैदान. ती जागा पुढे निवासी होते, तिथे घरेही येतात, आणि त्या घरांतल्या मुलांना शाळा दुसऱ्या पेठेत शोधावी लागते.

समावेशक आरक्षण म्हणजे?

आरक्षणाची जागा मालकानेच विकसित करायची, ठरलेला भाग बांधून पालिकेला विनामूल्य द्यायचा, उरलेल्यावर स्वतःचे बांधकाम करायचे. मंडई, दवाखाना, वाचनालय यांना हा मार्ग बरा. मैदानाला नाही, कारण मैदान इमारतीच्या तळमजल्यावर बसत नाही.

मसुदा प्रसिद्ध झाला. तो वाचायचा कसा?

पूर्ण शहराचा नकाशा उघडून बसू नका, त्यातून डोळे दुखण्यापलीकडे काही हाती लागत नाही. आधी तुमचा सर्व्हे किंवा गट नंबर, शहरात असाल तर सिटी सर्व्हे नंबर, सातबाऱ्यावरून किंवा मिळकत पत्रिकेवरून काढा. मग तो नंबर कोणत्या शीटवर आहे ते बघा. शीटच्या कोपऱ्यात सूची असते, कोणता रंग कशाचा आणि कोणती रेघ कशाची ते तिच्यात दिलेले असते. रस्त्यावर लिहिलेला आकडा ही रुंदी असते, मीटरमध्ये. अस्तित्वातला रस्ता आणि प्रस्तावित रस्ता यांच्या रेघा वेगळ्या असतात. अर्ध्या तक्रारी या दोन रेघांतल्या गोंधळातून येतात.

यानंतर तिघे शेजारी ठेवून बघा: जुना मंजूर आराखडा, सध्याच्या जमीन वापराचा नकाशा आणि नवा मसुदा. सध्याच्या वापराच्या नकाशात तुमची वीस वर्षांची सोसायटी मोकळी जमीन म्हणून दाखवली असेल, तर मसुद्यात तिच्यावरून रस्ता जाणे स्वाभाविक आहे. चूक तिथे सापडली की हरकतीत तीच पकडायची. मुंबईच्या २०१५ च्या मसुद्यात अशाच चुका निघाल्या होत्या.

नकाशासोबतचा अहवालही मागा. लोकसंख्येचा अंदाज, जमिनीची गरज, कोणत्या प्रभागात किती शाळा कमी पडतात, ते त्यात असते. लोक नकाशावर तुटून पडतात आणि अहवाल कोणी उघडत नाही. एकाही सर्व्हे नंबरबद्दल नसलेली पण सगळ्यांच्या घराशी संबंध असलेली माहिती तिथेच असते.

हरकत कशी लिहावी?

मुदत नोटिशीत छापलेली असते, साधारण तीस ते साठ दिवस. ती चुकवू नका. हरकत लेखी द्या आणि पोहोच घ्या, शिक्का व आवक क्रमांकासह. भाषेची चिंता नको. एक पान पुरते:

शीट क्रमांक अमुक, सर्व्हे नंबर तमुक, येथे १२ मीटर रस्ता दाखवला आहे. त्या जागी मंजूर इमारत आहे, परवानगी क्रमांक व दिनांक सोबत जोडला आहे. रस्ता पूर्वेकडील ओढ्यालगतच्या मोकळ्या पट्ट्यातून नेता येईल, खुणा केलेला नकाशा जोडला आहे. सुनावणीची संधी मिळावी.

एवढेच. आमच्यावर अन्याय झाला, हे वाक्य सगळ्यांच्या अर्जात असते. पर्याय सुचवणारा कागद फार थोड्यांच्या अर्जात असतो आणि समितीला टिपण लिहायला तोच उपयोगी पडतो. छापील नमुन्यावर पाचशे सह्या घेऊन पाचशे अर्ज दिले तरी चालते, पण त्यातल्या पाच-सहा जणांनी आपापली कागदपत्रे जोडली तर वजन वाढते.

हरकत फक्त विरोधाचीच असते असे नाही. प्रस्ताव चांगला असेल तर तो ठेवा असेही लिहून द्या. बागेचे आरक्षण काढा म्हणणारा एक अर्ज असतो आणि ते ठेवा म्हणणारा एकही नसतो, तेव्हा समितीपुढे एकच बाजू जाते.

सुनावणी कोण घेते?

नियोजन समिती. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. प्रत्येकाला मिनिट-दोन मिनिटे मिळतात. नकाशाच्या झेरॉक्सवर आपली जागा लाल पेनाने गोल करून न्या आणि टेबलावर ठेवूनच बोलायला सुरुवात करा. कुठल्या जागेबद्दल चालले आहे हे समजावण्यातच वेळ गेला, की नंबर संपला.

मसुदा आल्यावर आधीच्या बांधकाम परवानगीचे काय?

रीतसर घेतलेली आणि मुदतीत असलेली परवानगी मसुद्याने आपोआप रद्द होत नाही. नवी परवानगी देताना मात्र मसुद्यातल्या प्रस्तावांचाही विचार करावा लागतो, असे कलम ४६ सांगते. म्हणजे जुन्या आराखड्यात तुमची जमीन निवासी आणि मसुद्यात तिच्यावर खेळाचे मैदान असेल, तर नवा नकाशा मंजूर करून घेणे या काळात अवघड जाते. मसुदा वर्षानुवर्षे लोंबकळला की नेमकी हीच कोंडी होते: जुना संपलेला, नवा लागलेला नाही, आणि परवानगी दोन्हींच्या कात्रीत.

वगळलेला भाग, ईपी, हे काय असते?

शासनाने मंजूर करताना मोठे बदल सुचवले, तर तेवढा भाग बाजूला काढून त्यावर पुन्हा हरकती मागवतात. त्याला ईपी, म्हणजे एक्सक्लूडेड पार्ट म्हणतात. तुमची जमीन त्यात असेल तर मुख्य आराखडा मंजूर झाला तरी तुमचे अजून ठरलेले नाही. दुसऱ्यांदा हरकत द्यावी लागते आणि पुष्कळ जण ती द्यायचे राहून जातात.

वीस वर्षे थांबण्यापेक्षा मधेच दुरुस्ती करता येत नाही का?

येते. कलम ३७ खाली आराखड्याचा मूळ ढाचा न बदलणारा फेरबदल करता येतो. महापालिका ठराव करते, हरकती मागवते, शासन मंजुरी देते. मेट्रो आली, नवा पूल झाला, रस्त्याची आखणी ओढ्यात जात होती म्हणून सरकवली, यासाठी हे कलम चांगले आहे.

पण रीतसर सुधारणा रखडली की शहर याच कलमावर चालू लागते. एकेक सर्व्हे नंबर ग्रीनमधून यलोमध्ये आणायचे प्रस्ताव येतात. प्रत्येक प्रस्ताव वेगळा बघितला तर बिनचूक दिसतो, पण पन्नास प्रस्ताव मिळून जे वाढीव पाणी आणि रस्ते लागतात त्यांचा हिशेब एकाही फाइलमध्ये नसतो. जाहिरात वर्तमानपत्रात आतल्या पानावर येते. ती बघण्याची सवय एखाद्या तरी नागरिक मंडळाने लावून घ्यावी.

जनगणना लांबली, त्याचा परिणाम?

मोठा. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे मधल्या काळातले मसुदे २०११ च्या आकड्यांवरून अंदाज बांधूनच केले गेले. कडेच्या, झपाट्याने वाढलेल्या गावांत हा अंदाज सगळ्यात जास्त फसतो. हरकत घेताना मतदारयादी, नळजोड, वीजमीटर, मिळकतकराच्या नोंदी यांचे आकडे माहिती अधिकारात मागून जोडता येतात.

आमचे गाव नुकतेच महापालिकेत आले. आमचा आराखडा कोण करणार?

हे गावागणिक बदलते. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. तेवीस गावांसाठी नियोजनाचे अधिकार मात्र पीएमआरडीएकडे राहिले. त्यांचा मसुदा २०२१ मध्येच प्रसिद्ध झाला, पुढे वाद आणि कोर्टबाजी होऊन शासनाने तो रद्द केला. पहिल्या ११ पैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे तर २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून वेगळी नगरपरिषद झाली. मिळकतकर एकाकडे, बांधकाम परवानगी दुसऱ्याकडे आणि पाणी तिसऱ्याकडे, अशी या गावांची गत असते. तुमच्याकडे नियोजन प्राधिकरण कोण आहे, हे आधी लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तर दोन खिडक्यांवर दोन मिळते.

परवडणाऱ्या घरांसाठी आराखड्यात काही असते का?

दोन ठिकाणी असते. एक, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या घरांसाठीची थेट आरक्षणे. दुसरे, नियमावलीतली सर्वसमावेशक गृहनिर्माणाची अट: दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या निवासी प्रकल्पात २० टक्के वाटा छोट्या घरांसाठी ठेवावा लागतो. ही घरे म्हाडाच्या सोडतीत येतात. मोठा भूखंड ३,९०० च्या आसपासचे तुकडे करून का विकला जातो, याचे उत्तरही याच अटीत आहे.

राज्याच्या मे २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरांचे उद्दिष्ट आहे. ती घरे कोणत्या शहरात, कोणत्या सर्व्हे नंबरवर, हे धोरण सांगत नाही. ते सांगायचे काम डीपीचे आणि म्हणून डीपी शिळा असून चालत नाही.

फ्लॅट घेतोय. डीपीचे काय बघू?

पालिकेच्या नगररचना किंवा बांधकाम विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागा, मुंबईत डीपी रिमार्क. बिल्डरने दाखवलेल्या रंगीत ब्रोशरवरचा अठरा मीटरचा रस्ता डीपीत आहे का, असेल तर ताब्यात आला आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही विचारायचे. शेजारच्या मोकळ्या जागेला बिल्डर बाग म्हणतो, दाखल्यात कदाचित कचरा हस्तांतरण केंद्र लिहिलेले असते.

मंजुरीनंतर नागरिकांनी काय करावे?

वर्षातून एकदा माहिती अधिकारात चार आकडे मागा: एकूण किती आरक्षणे, त्यातली किती ताब्यात आली, डीपी रस्त्यांची प्रस्तावित लांबी आणि त्यातली प्रत्यक्ष झालेली. प्रभागनिहाय मागा, शहराचा एकत्रित आकडा सगळे झाकून टाकतो. अंदाजपत्रकात भूसंपादनासाठी किती ठेवले आणि किती खर्च झाले, तेही त्याच अर्जात विचारता येते. कलम १२७ खाली किती नोटिसा आल्या आणि कोणत्या तारखांना, हे वेगळ्या अर्जात विचारा. चोवीस महिने संपत आलेले मैदान तुमच्या प्रभागात असेल, तर नगरसेवकाकडे जायला त्याआधीचे अंदाजपत्रक ही शेवटची संधी असते.